काथोडदादा आणि आमची ड्युटी

काथोडदादांना दिसत नाही ही गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती, फक्त त्यांना नव्हती, असं लिहून मोकळं व्हावं असं मला वाटत होतं. पण ते खोटं होईल. त्यांनाही ठाऊक होती. मलाही होती. आणि तरीही मी, मुलांना वाहतुकीचे नियम शिकवणारी शाळेतली बाई, तीन वर्षं रोज सकाळी त्यांच्या जीपमध्ये, त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून शाळेत गेले. माझ्या नवऱ्याला हे अजून पटत नाही. तोंडाने सांगायला गेले की मलाही ते नीट पटवता येत नाही, म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढावं.

कल्याण-भिवंडी रस्त्यावर कोन लागतं. तिथून आत वळलं की चार-पाच किलोमीटरवर आमच्या शाळेचं गाव. रस्त्याच्या एका बाजूला भातशेती, दुसऱ्या बाजूला गोडाऊनं, आणि गावाच्या तोंडाशी लूमच्या दोन-तीन शेड. एस.टी. येते असं थांब्याच्या फलकावर लिहिलेलं आहे. रिक्षावाले नाक्यावरूनच हात जोडतात, कारण परतीचं भाडं मिळत नाही आणि खड्ड्यांत चाक मात्र मोडतं. त्यामुळे गावाला बाहेर पडायला आणि बाहेरच्याला गावात यायला एकच साधन होतं, काथोडदादांची जीप. माझ्या वर्गातली निम्मी मुलं जन्माआधी, आईच्या पोटात असताना, याच जीपने भिवंडीच्या दवाखान्यात पोचली होती. कुणाचीही अडचण असो, दादा नाही म्हणाले नाहीत. अशा माणसाला ‘आता गाडी बंद करा’ हे सांगायला जीभ कोणाची वळणार?

दादा उंच, काटक, गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट घालणारे. जीपमधला मधला आरसा त्यांनी स्वतःच्या तोंडाकडे वळवून ठेवला होता आणि सिग्नलला थांबलं की त्यात बघून ते भांग पाडत. मागचं दिसायला नको का, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

“मागचा बगून काय कराचा, बाई? आपुन तं पुरं चाल्लाव.”

त्यांचं वय हा वेगळाच विषय होता. लायसनवर एकोणऐंशी. पण ते खरं नाही, सत्त्याहत्तर आहे, असं ते शपथेवर सांगत. झालं होतं असं, की सोळाव्या वर्षी त्यांना ट्रकवर नोकरी मिळत होती आणि लायसनला अठरा पूर्ण लागत. तेव्हा त्यांनी दोन वर्षं वाढवून लावली. पुढे साठ वर्षं त्या दोन वर्षांनी त्यांना कसलाच त्रास दिला नाही. मग मुलगा विलास त्यांना ‘बाबा, ऐंशी होत आली’ म्हणायला लागला, तेव्हा मात्र दादांना ती वर्षं खुपायला लागली. एकदा ते सरळ भिवंडीतल्या एका एजंटाकडे गेले आणि म्हणाले, ही दोन वरसा तवा कामासाठी घेतली व्हती, आता काढून टाका. एजंटाने त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

आणखी एक. दादा रिव्हर्स घेत नसत. मान वळत नव्हती हे खरं कारण, पण ते म्हणत, “मागं जानं आमच्या घरान्यात न्हाय.” त्यामुळे जीप वळवायची असेल तर पुढे-पुढे जात राहायचं आणि कुठेतरी गोल फिरून यायचं. भिवंडीत निजामपुऱ्यातल्या गल्लीत एकदा अशाच गोल फिरण्याच्या नादात आम्ही पाऊण तास होतो. लूमच्या खटखटाटातून त्याच पानाच्या टपरीवरून आम्ही तिसऱ्यांदा गेलो, तेव्हा टपरीवाल्याने हात हलवून टाटा केला.

मानकोलीची हळद तर गावात अजून सांगतात. गावातल्या एका मुलीचं सासर मानकोलीला, तिच्या नणंदेची हळद होती. जीपमध्ये आम्ही दहा-अकरा जण, बायका ठेवणीतल्या साड्या नेसून, आणि भाजीवाल्या जनाबाईच्या मांडीवर आहेरातला तांब्याचा हंडा. मानकोलीच्या चौकात वळण चुकलं. मागे घ्यायचा प्रश्नच नव्हता. दादा पुढे गेले, आणि पुढे होती एका मोठ्या लॉजिस्टिक पार्कच्या फाटकापुढची ट्रकची रांग. एकदा रांगेत शिरलो की पुढे एक कंटेनर, मागे एक कंटेनर. वीस मिनिटांनी फाटक आलं. सिक्युरिटीवाला वही घेऊन आला.

“माल क्या है?”

दादांनी मागे न बघताच विचारलं, “जनाबाय, काय हाय गं?”

“हंडा हाय,” जनाबाई म्हणाली.

त्याने वहीत लिहिलं, हंडा, एक नग. मग आम्हाला वजनकाट्यावर घेतलं. सगळ्यांसकट जीपचं वजन झालं, पावती आली, आणि डॉक नंबर चौदावर लावा असं सांगितलं. दादांनी चौदावर लावली, तीही मला हसू आवरेना इतकी सरळ. हमाल पुढे आले, त्यांनी मागचं फळकूट उघडलं, आणि आतून हिरव्या साडीतली जनाबाई हंडा घेऊन खाली उतरली. “इथंच हाय काय हलद?” तिने विचारलं. हमालांनी हंडा उतरवून घेतला, सही मागितली, आणि मग कोणीतरी साहेब धावत आला. हळदीला पोचलो तेव्हा नवरी आंघोळ करून बसली होती. हंडा मात्र दुसऱ्या दिवशी आणावा लागला, कारण तो त्यांच्या वहीत जमा झाला होता आणि वहीतून निघायला साहेबाची सही लागत होती.

आता मूळ गोष्टीकडे येते. आमची ड्युटी.

सुरुवात कशी झाली ते कोणालाच धड आठवत नाही. जनाबाई पहाटे भिवंडीच्या बाजारातून भाजी घेऊन गावात परत यायची, ती दादांच्या मागच्या सीटवर बसायची. तिनेच बहुधा एक दिवस ‘दादा, म्हस!’ म्हणून ओरडून एक म्हैस वाचवली. मग पुढे बसणाऱ्याने, म्हणजे मी, ‘खड्डा’ म्हणायला सुरुवात केली. मग ‘गतिरोधक’. मग ‘डावीकडे सायकल’. काही महिन्यांत असं झालं, की आम्ही बोललो नाही तर दादा गाडी हळू करायचे आणि वाट बघायचे. ते कधी कबूल करत नसत. मी ‘खड्डा’ म्हटलं की ते आधी चाक वळवत आणि मग म्हणत, “म्हाइत हाय, बाई.”

समोरचं आणि डावीकडचं माझ्याकडे. उजवीकडचं जनाबाईकडे, कारण तिचा आवाज मोठा आणि अर्धं अंग तसंही बाहेर असायचं. मागचं अन्सारी चाचांकडे. चाचा निजामपुऱ्याचे. गावातल्या शेडमध्ये लूम दुरुस्त करायला रोज यायचे. जन्मभर लूममध्ये काढल्यामुळे त्यांना ऐकू कमी यायचं, पण नजर एवढी, की चालत्या मागावरचा तुटलेला धागा दुरून दाखवतील. ते पाठीमागे फळकुटाशी बसत आणि जीपच्या पत्र्यावर थाप मारत. एक थाप म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, तीन म्हणजे मागून कोणीतरी पुढे जायच्या घाईत आहे. त्यांना ऐकू येत नसल्याने ते थाप फार जोरात मारत आणि प्रत्येक थापेला जनाबाईच्या टोपलीतले टोमॅटो उडत.

हळूहळू या कामाला नियम आले. नवा माणूस बसायला आला की जनाबाई आधी विचारायची, “चश्म्याचा नंबर किती?” नंबर जास्त असेल तर मधे बसायचं, खिडकी मिळणार नाही. मी रजेवर जाणार असले की शाळेत अर्ज द्यायचा आणि जीपमध्ये बदली माणूस, दोन्ही माझ्याच गळ्यात. एकदा बदली माणूस म्हणून नवीन ग्रामसेवक पुढे बसले. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. ते मोबाइल बघत बसले आणि जीप रस्ता सोडून थेट पेंढ्याच्या ढिगात गेली. कोणाला काही लागलं नाही, कारण दादांचा वेग असा असायचा की शाळेतली मुलं सायकलवरून पुढे जाऊन आम्हाला टाटा करत. पण दादा खाली उतरले आणि अंगावरचा पेंढा झटकत ग्रामसेवकांवरच गरजले, “ड्युटीवं मोबाइल बगताव? बाईंना बोलवा!”

हसताय ना? आम्हीही हसायचो. रोज हसत-हसत शाळेत पोचायचो. त्यात चुकीचं काही करतोय असं मला एकदाही वाटलं नाही, हेही आज लिहून ठेवते.

बिंग फुटलं ते अंगणामुळे. गोडाऊनं आल्यापासून गावात सगळ्यांनी नवी घरं बांधली होती आणि कंत्राटदार एकच असल्याने सगळी गुलाबी होती. एका दुपारी दादांनी जीप नेहमीसारखी अंगणात लावली, आत गेले, खुर्चीवर बसले आणि चहा मागितला. घर शेजाऱ्यांचं होतं. शेजारणीने काही न बोलता चहा दिला, सोबत बिस्किटंही दिली. दादा चहा पिऊन पलंगावर आडवे झाले, तेव्हा मात्र तिने विलासला फोन केला.

विलास गरीब स्वभावाचा. त्याने वडिलांना चढा आवाज कधी केला नव्हता. तो त्यांना निजामपुऱ्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. म्हणजे दादाच त्याला घेऊन गेले, जीपमधून, आणि जीप निघाली म्हणजे आम्ही आलोच. डॉक्टरांनी दादांना खुर्चीत बसवून समोर तक्ता लावला. अक्षरांचा नव्हता, तीन दात्यांच्या फणीसारख्या चिन्हांचा होता. उघडी बाजू कुठल्या दिशेला आहे ते सांगायचं.

दादा गप्प. डॉक्टर म्हणाले, “सांगा, आजोबा.”

दादा तरी गप्प. ते वाट बघत होते. आणि सवयीने, खरंच सांगते, निव्वळ सवयीने माझ्या तोंडून निघालं, “वर.” पुढच्याला जनाबाई म्हणाली, “उजवीकरं.” तिसऱ्याला चाचांनी खुर्चीच्या पाठीवर थाप मारली.

“म्हाइत हाय,” दादा म्हणाले.

डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. दादांचा आवाज आतून आला, “आता मंग मी वाचू कसा?”

काचबिंदू होता. बराच जुना. समोरचं नळीतून बघावं तेवढं दिसत होतं, बाजूचं सगळं गेलेलं, आणि गेलेलं परत येणार नव्हतं. राहिलेलं राहावं म्हणून थेंब टाकायचे, बाकी काही उपाय नाही. डॉक्टरांनी दार उघडून सगळ्यांसमोर स्वच्छ सांगितलं, गाडी आजपासून बंद.

“रिक्षा?” दादांनी विचारलं.

“नाही.”

“टॅक्टर? शेतातल्या शेतात?”

“अजिबात नाही.”

“बैलगारी?”

डॉक्टर जरा अडखळले. “बैलगाडी… बैलाला दिसतं ना?”

“बैलाला दिसते.”

“मग बैलगाडी चालेल.”

दादांनी आमच्याकडे हात केला. “मंग माजी तशीच हाय. मी निसता बसताव. बैल ते बगा, भाईर उभं हायत.”

डॉक्टर हसले नाहीत. विलासही हसला नाही. आम्ही मात्र हसलो, आणि परत जीपमध्ये बसून आपापल्या ड्युटीवर लागलो.

पुढे पंधरा दिवस बाप-लेकात बोलणं नव्हतं. शेवटी विलासने देवळाच्या ओट्यावर, चार माणसांत, तोड काढली. “बाबा, रविवारी सकाळी एकटं गाडी काढा. गाडीत दुसरं कोन न्हाय. कोनच्या नाक्यापर्यंत जायाचं, पेट्रोलपंपातून वळसा घ्यायाचा, परत यायाचं. मी मोटारसायकलवर मागून येतो. नीट आलात तर मी पुन्हा शब्द काढणार न्हाय. न्हाय आलात तर चावी माझी.”

“दिला शब्द,” दादा म्हणाले. आणि तिथून उठून गेले. मी त्यांना पहिल्यांदाच घाबरलेलं पाहिलं. ओट्याच्या दुसऱ्या पायरीवर पाय टाकताना त्यांनी हाताने हवा चाचपली.

त्या वेळी मी विलासला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं की परीक्षेची गरज नाही, तू जिंकलास. मी शाळेतली बाई होते, माझं ऐकलं असतं. पण दादांच्या हाताची ती चाचपणी पाहून माझं काळीज हललं होतं, आणि माणसाचं काळीज हललं की तो मूर्खपणा करतो. शनिवारी जीपमध्ये दादा नसताना आमची बैठक झाली. परीक्षा जीपमधल्या माणसांना बंद आहे, रस्त्यावरच्या माणसांना नाही, हा मुद्दा जनाबाईने काढला. यादी मी केली. अक्षर चांगलं म्हणून.

शाळेच्या वळणावर मी, पी.टी.ची शिट्टी घेऊन. एक शिट्टी डावीकडे, दोन उजवीकडे. गोडाऊनच्या फाटकाशी जनाबाई, नुसत्या गळ्यावर. ओढ्यावरच्या मोरीवर अन्सारी चाचा रिकामा पत्र्याचा डबा घेऊन, त्यासाठी त्यांनी शिफ्ट बदलून घेतली. मधल्या प्रत्येक मोठ्या खड्ड्याला एकेक माणूस, हातात ताट आणि पळी. खुणा दादांच्या कानात तेवढ्या घालायच्या, विलासला पत्ता लागू द्यायचा नाही. घरातल्या दुसऱ्या कोणाला सांगायचं नाही. सोमीवयनीचं, म्हणजे दादांच्या बायकोचं नाव कोणीतरी सुचवलं, ते मीच खोडलं. म्हटलं, या लबाडीत त्या माउलीला कशाला ओढायचं.

रविवारी सकाळी दादा निघाले. नवा पांढरा शर्ट, भांग पाडलेला. पहिल्या खड्ड्याला ताट वाजलं. दुसऱ्याला वाजलं. मग सगळा रस्ताच वाजायला लागला. गोडाऊनवरचे वॉचमन बाहेर आले. त्यांना वाटलं मिरवणूक आहे, देव मागून येतोय, आणि एकाने चप्पल काढून हात जोडले. जीप माझ्या वळणावर आली. मी जीव तोडून शिट्टी फुंकली, दोनदा. जीप बरोबर उजवीकडे वळली, आणि आतून आवाज आला, “म्हाइत हाय, बाई!”

आनंदाने मी उडी मारली. चाळिशीची बाई, रस्त्याच्या कडेला, रविवारच्या सकाळी, गळ्यात शिट्टी. विलास मागून मोटारसायकलवर गेला. हेल्मेटच्या काचेतून त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला सगळं कळलंय हे मला कळलं. तो थांबला नाही. मला वाटतं त्यालाही बाप जिंकायला हवा होता.

जाताना बिनचूक. येताना बिनचूक. मधे एक कंटेनर घुसला आणि विलास त्याच्या मागे अडकला, तेवढंच. देवळाशी जीप थांबली तेव्हा आम्ही सगळे मागून पळत आलो. जनाबाईने नारळ फोडला. चाचांनी दादांना मिठी मारली आणि आपल्या लूमच्या आवाजात ओरडले, “उस्ताद, एक खरोंच नहीं!” विलास हेल्मेट काढून उभा राहिला. तो शब्दाचा पक्का. म्हणाला, “बाबा, ठरल्याप्रमाणे. तुम्ही पास.”

दादा जीपला टेकून उभे होते. छाती पुढे. एवढे खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात सोमीवयनी रस्त्याने चालत आल्या. सावकाश, कारण एकाच पायात चप्पल होती. दुसरा पाय चिखलाने भरलेला. घोळक्यात शिरून त्या दादांसमोर येऊन उभ्या राहिल्या. दादांना समोरचं, सरळ रेषेतलं तेवढं दिसायचं. त्यांनी आधी तोंड पाहिलं, मग मान खाली करून पाय पाहिले.

“चप्पल कुठं गेली तुजी?”

“टायराखाली.”

“कुनाच्या?”

“तुमच्या.” वयनींचा आवाज साधा होता. तक्रार नव्हती त्यात. “वराच्या वलनाव उभी व्हती, तुमाला बगाला. गारी अंगाव आली तशी मी शेतान उतरली. चप्पल वर रायली.”

वडाच्या त्या वळणावर खड्डा नव्हता, म्हणून आम्ही तिथे कोणालाच उभं केलं नव्हतं.

“मंग वरडली का न्हाय?” दादांनी विचारलं.

“मना वाटला, तुमी मना बगितला.”

माझ्या हातातली शिट्टी मी पदराखाली घेतली. ती यादी, ते खोडलेलं नाव, सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि मला त्या दिवशी स्वतःची जेवढी लाज वाटली, तेवढी आयुष्यात कधी वाटली नाही. तीन वर्षं आम्ही त्यांना खड्डा सांगितला, म्हैस सांगितली. गाडी थांबवा, हे तेवढं एक सांगितलं नाही.

“आवाज तुमचा सगल्यांचा ऐकला मी,” दादा आमच्याकडे वळून म्हणाले. “एकेकाचा वलखला. पन गप कोन उभा हाय, ता कोनी सांगाचा?”

विलास पुढे होऊन म्हणाला, “बाबा, जाऊ द्या आता. पास झालात तुम्ही.”

“पास तुमी झालाव. मी नापास हाय.”

त्यांनी चावी काढली आणि विलासच्या तळहातावर ठेवली. मग खाली वाकले, स्वतःच्या पायातल्या चपला काढल्या आणि वयनींपुढे सरकवल्या. वयनी नको-नको म्हणाल्या, पण त्यांनी ऐकलं नाही. त्या मोठ्या चपला ओढत वयनी पुढे आणि अनवाणी दादा मागे, असे दोघे घरी गेले. आम्ही फुटलेला नारळ तसाच हातात घेऊन उभे होतो.

जीप विलासने त्याच आठवड्यात काढून टाकली. गावकऱ्यांनी नाक्यावर भांडून दोन रिक्षा सुरू करून घेतल्या. हे भांडण तीन वर्षांपूर्वीही करता आलं असतं. रिक्षात बसले तरी माझी सवय जाईना. ‘खड्डा’, ‘डावीकडे सायकल’, असं तोंडून निघायचंच. रिक्षावाला चार दिवसांनी वैतागला. “मॅडम, मेरे को दिखता है.” इतक्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं आणि मला एकदम सुटल्यासारखं वाटलं.

पुढे माझी बदली वाडा तालुक्यात झाली. वर्षभराने शाळेच्या एका कार्यक्रमाला मला बोलावलं, तेव्हा कोनवरून रिक्षाने आत निघाले. गोडाऊनच्या पुढे गेल्यावर लांबून ओरडणं ऐकू आलं. बघते तर काथोडदादा. रस्त्याच्या अगदी कडेने, पांढऱ्या शर्टात, ताठ चालत येत होते. समोरून टेम्पो गेला, तसे ते थांबले आणि छातीत हवा भरून ओरडले, “मानूस हाय!” टेम्पो गेल्यावर पुढे चालायला लागले. मागून मोटारसायकल आली. “मानूस हाय रं!” एक पोरगी सायकलवरून गेली, तिलाही तेच. ती हसली, पण वेग कमी करून, लांबून वळून गेली.

“रोज का है इनका,” रिक्षावाला म्हणाला. “सुबह-शाम. अब तो गाँव के सब बुड्ढे ऐसे ही चिल्लाते चलते हैं.”

मी त्याला रिक्षा अगदी हळू करायला सांगितली. आमचा आवाज ऐकून दादा थांबले. चेहरा आमच्याकडे होता, नजर भलतीकडे. “मानूस हाय!”

मी अर्धी बाहेर वाकले आणि रस्त्यात कोण आहे, काय म्हणेल याचा विचार न करता ओरडले, “दिसलात, दादा! दिसलात!”

त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी हात उंच केला आणि हलवला, आमच्या मागून येणाऱ्या कंटेनरला. कंटेनरवाल्यानेही बारीक हॉर्न देऊन उत्तर दिलं.